पोस्ट काढून टाकणे

परतपत्र कार्यालयाच्या खोली क्रमांक सातमध्ये मधोमध एक लाकडी खांब होता. खांबाला एक खिळा, खिळ्याला एक काळी छत्री, आणि छत्रीच्या खाली दोन हातांवर छत्रीचे मालक. मालकांना ऑफिसात सगळे ‘अर्थातराव’ म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. अर्थातराव कुठलंही वाक्य ‘अर्थात’ने सुरू करत आणि मग त्या वाक्यात अर्थ किती आहेत ते मोजायला बसत. चहा घेणार का, एवढं विचारलं तरी “अर्थात, ‘घेणार’मध्ये पिणं येतंच असं नाही” असं उत्तर येई. तोवर चहावाला पुढच्या खोलीत गेलेला असे. सव्वीस वर्षांत त्यांनी ऑफिसात गरम चहा प्यायल्याचं कोणाला आठवत नाही.

पत्ता चुकलाय, माणूस मेलाय, घर पाडलंय, पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव घातलेलं नाही, अशी सगळी पत्रं शेवटी या कार्यालयात येऊन पडत. ती उघडायची, आत काही धागादोरा लागतो का बघायचं, लागला तर परत धाडायची, नाहीतर वरच्या मजल्यावर ठेवून द्यायची. वरच्या मजल्यावर तीस वर्षांची पत्रं होती आणि त्यांच्यात बसून त्यांची वर्गवारी करणारी एक बाई होती. तिला सगळे वरची मावशी म्हणत. तिचं टेबल बरोबर खोली सातच्या खांबाच्या डोक्यावर यायचं. मावशीने खुर्ची सरकवली की खाली अर्थातरावांच्या शब्दकोशावर चुन्याची पूड पडे. ते फुंकर मारत आणि पुढचा शब्द बघत.

अर्थातराव या कार्यालयाचे अनुवादक होते. मुख्यालय इंग्रजीत लिहायचं आणि कार्यालय आपल्या भाषेत चालायचं, त्यामुळे दोघांचा संसार अर्थातरावांच्या जिवावर चालला होता. नियम तीन होते आणि ते त्यांना झोपेतून उठवून विचारले तरी पाठ होते. मुख्यालयाचा आदेश अनुवाद होऊन त्याखाली अनुवादकाची सही झाल्याशिवाय लागू होत नाही. एकदा सही झाली की अनुवाद हाच आदेश, मूळ इंग्रजीला मग कोणी विचारत नाही. आणि खोलीत अनुवादाविना एक जरी कागद असेल तरी अनुवादकाला सोडता येत नाही. रजेवर नाही, बदलीवर नाही, निवृत्तीवरही नाही. या तिसऱ्या नियमामुळे ते सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला जेवणं उरकून मांडव सोडायला घेतला तेव्हा पोचले होते. मेहुणा अजून ते काढतो.

त्या सोमवारी मुख्यालयाचं पाकीट आलं. आत एका ओळीचा आदेश होता. खोली क्रमांक सात. पोस्ट निरुपयोगी. काढून टाकणे. केल्याचे कळविणे.

अर्थातरावांनी ओळ तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचली नाही, कारण यातली पोस्ट कोण ते तिसऱ्यांदाच कळलं होतं. खोली सातमध्ये मंजूर पोस्ट एकच होती आणि ती या क्षणी खुर्चीवर बसून घाम पुसत होती. निवृत्तीला चार वर्षं होती. त्याआधी काढलं तर पेन्शन नाही. आणि ज्याला फक्त शब्दांचे अर्थ येतात अशा चोपन्न वर्षांच्या माणसाला बाहेर कोण उभं करणार?

पण त्यातल्या त्यात एक फट होती. हा आदेश आपल्या भाषेत आला असता तर नुसत्या लिंगावरून निकाल लागला असता. पत्रांचं ते पोस्ट, नोकरीची ती पोस्ट, आणि लाकडाचा असेल तर तो खांब. इंग्रजीला त्याची काही चाड नाही. तिथे सगळ्यांना एकच माप.

अर्थातराव घरी पोचले तेव्हा बायको टेबलावर चष्म्याच्या काड्या घट्ट करत बसली होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि नाजूक दुरुस्तीचं काम घरी आणायची. अर्थातरावही रोज काहीतरी घरी आणत. बाकीचे नवरे सामानसुमान आणतात, हे शब्द आणत.

“आज काय आणलंत?” तिने मान वर न करता विचारलं.

“पोस्ट.”

“कोणाचं?”

“माझी.”

एवढ्या एका वेलांटीवरून तिला सगळं कळलं. तिने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

मेहुणा तिथेच बसला होता. तो सेंटरिंगचं काम करायचा, म्हणजे स्लॅब पडायच्या आधी खालून टेकू लावायचे आणि स्लॅब वाळल्यावर ते काढायचे. त्यामुळे कुठलीही गोष्ट कशाच्या आधारावर उभी आहे यावर त्याचं ठाम मत असे. “दाजी, तुमची तिथे पोस्ट आहे हे मला आजच कळलं,” तो म्हणाला. “मी समजत होतो, तुम्ही आवडीने जाता.”

“तू गप रे,” बायको म्हणाली. मग अर्थातरावांकडे वळली. “अहो, अर्थ किती होतात त्याचे?”

“अर्थात, नुसते मोजायचे का मूळ धरून मोजायचे...”

“मूळ धरूनच मोजा. लग्न झाल्यापासून दर संध्याकाळी मी एकेका शब्दाची वंशावळ ऐकत आलेय. एकदा तरी उपयोगी पडू दे.”

दुसऱ्या दिवशी अर्थातरावांनी टिपण लिहायला घेतलं. टिपण नऊ पानांचं झालं. त्यात त्यांनी मांडलं ते थोडक्यात असं. पोस्ट हा शब्द मुळात लॅटिनमधल्या ‘ठेवणे’ या क्रियापदातून आला. पूर्वी लांबच्या निरोपासाठी रस्त्यावर ठरावीक अंतराने घोडेस्वार ठेवलेले असत. एकाने थैली आणून दुसऱ्याच्या हाती द्यायची आणि दुसऱ्याने तिसऱ्याच्या. तो ‘ठेवलेला’ म्हणजे पोस्ट. पुढे हे नाव त्याच्या ठाण्याला लागलं, ठाण्यावरून स्वाराला, स्वारावरून थैलीला, थैलीवरून आतल्या पत्रांना आणि पत्रांवरून पत्रं ठेवायच्या घराला. म्हणजे ज्याचा अर्थ ‘एका जागी ठेवलेला’ असा होता तोच शब्द सगळ्यात जास्त पळाला. शिपायाची चौकी आणि नोकरीची जागा हीसुद्धा याच घराण्यातली, पण चुलत शाखेतली. तिथेही माणूस ठेवलेलाच असतो. खांबाचा पोस्ट मात्र वेगळ्याच घरचा, नुसतं आडनाव सारखं. गावाच्या खांबावर नोटीस चिकटवायची ती याच खांबावरून पोस्ट करणं झालं, आणि आजकाल लोक फोनवर जे पोस्ट करतात तेही त्याच खांबाचे वंशज. पोस्टमॉर्टममधला पोस्ट तिसऱ्याच घरचा, त्याचा अर्थ ‘नंतर’. त्याच्याशी प्रस्तुत प्रकरणाचा संबंध अद्याप नाही. आपल्या ‘टपाल’मध्येही कुठेतरी ‘टप्पा’ ऐकू येतो, असं त्यांनी समासात पेन्सिलीने लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं, कारण हाताशी पुरावा नव्हता. नोकरी जायची वेळ आली म्हणून पुराव्याशिवाय विधान करायचं ही त्यांची रीत नव्हती.

शेवटच्या ओळीत लिहिलं: सबब प्रस्तुत आदेशातील पोस्ट म्हणजे टपाल.

ही ओळ त्यांनी टिपकागदाने दोनदा टिपली. पण चूक अशी ती नव्हतीच. फक्त एवढ्या अर्थांतून त्यांनी एक असा उचलला होता की ज्याला पेन्शन नसते.

कार्यालयाच्या अधीक्षक मॅडम कुठलाही कागद शेवटून वाचत आणि बहुधा शेवटच्या ओळीलाच थांबत. त्यांनी नऊ पानं हातात तोलून पाहिली.

“अर्थातराव, आदेश एका ओळीचा आहे.”

“अर्थात ओळ एकच आहे, मॅडम. पण ती फार जुनी आहे.”

“टपाल म्हणताय?”

“टपाल.”

“निरुपयोगी आहे का ते?”

“परत आलेलं आहे सगळं. म्हणजे पाठवणाऱ्याला उपयोग नाही, घेणाऱ्यालाही नाही.”

मॅडमना यात खोट दिसली नाही. खोली सातमध्ये वाचता न येणाऱ्या पत्रांची एकेचाळीस पोती खांबाला लागून छातीपर्यंत रचलेली होती. ती सगळी बाहेर काढली. आधी व्हरांड्यात ठेवली, मग व्हरांड्यातून चालता येईना म्हणून हात धुवायच्या जागेत. तिथे नळापर्यंत जायचं तर पोत्यांवरून जावं लागे आणि लोक नको नको म्हणत लोकांच्या खाजगी गोष्टींवर पाय देऊन हात धुवायला जात. पत्रांच्या कार्यालयातून पत्रं बाहेर काढली याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. आदेश होता आणि खाली सही होती. मॅडमनी मुख्यालयाला कळवलं की खोली सातमधली कार्यवाही पूर्ण.

अर्थातरावांनी चार दिवस बरे काढले. पाचव्या दिवशी मुख्यालयातून एक माणूस पाहणीला आला. खिशात मोजपट्टी, हातात डायरी. पोती गेल्यामुळे खांब आता पायापासून डोक्यापर्यंत दिसत होता आणि त्याला टेकून अर्थातराव उभे होते. पाहणीवाल्याने छताकडे पाहिलं, मग अर्थातरावांकडे, मग पुन्हा छताकडे, जसं काही या माणसाचं काय करायचं ते वर लिहून ठेवलंय. त्याने डायरीत दोन ओळी लिहिल्या.

“बरीच वर्षं आहे का?” त्याने विचारलं.

“सव्वीस,” अर्थातराव म्हणाले.

“काही भार आहे का यावर?”

“अर्थात, तसा फार नाही. महिन्याकाठी दोन आदेश.”

माणसाने डायरी मिटली आणि तो निघून गेला.

पुढच्या सोमवारी दुसरं पाकीट आलं. पोस्ट जागेवरच असल्याचे पाहणीत आढळले. शुक्रवारी माणूस पाठवीत आहोत. तत्पूर्वी पोस्ट पूर्ण रिकामं, रिकामा किंवा रिकामी करणे. इंग्रजीत लिंग नव्हतं, ते वाचणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर घालायचं.

मॅडमनी अर्थातरावांना बोलावलं. त्यांच्या केबिनच्या काचेतून खोली सात दिसायची, पण खांब मध्ये आल्याने समोरच्या भिंतीवरचं घड्याळ त्यांना आठ वर्षांत एकदाही पूर्ण दिसलं नव्हतं. तास दिसायचे, मिनिटं अंदाजाने.

“खांब असणार,” मॅडम म्हणाल्या. “जागेवरच आहे म्हणतायत.”

“अर्थात, इंग्रजीत ‘जागेवर आहे’ म्हणजे नोकरी कायम आहे असाही अर्थ होतो.”

“तुम्ही खांब लिहा. सही करा आणि सुटा.”

असं म्हणताना त्या कागदाकडे बघत होत्या, अर्थातरावांकडे नाही. अर्थातरावांना कळलं की या बाईला सगळं कळलंय आणि ती दार उघडं ठेवून उभी आहे.

“पण मॅडम, खांब रिकामा कसा करणार? त्यात भरलंय काय? रिकामी पोस्टच करतात.”

“मुख्यालयाला विचारून घ्या मग.”

“विचारायचं तर इंग्रजीत विचारावं लागेल. पोस्ट म्हणजे कोणतं, असं विचारलं की उत्तर येईल, पोस्ट म्हणजे पोस्ट.”

मॅडमनी मान डोलावली. मुख्यालयाचा त्यांनाही अनुभव होता.

खांब काढला तर काय होईल हे बघायला बुधवारी मेहुण्याला बोलावलं. तो आला, खांबावर बोटांच्या पेरांनी तीन ठिकाणी वाजवलं, कान लावला आणि डॉक्टर जसे नातेवाइकांना बाहेर नेतात तसं अर्थातरावांना बाजूला घेतलं.

“शिडी लावून वर बघतोस का?” अर्थातरावांनी विचारलं.

“शिडी कशाला, दाजी? मला आवाजावरून कळतं.”

“काढला तर वरचं पडेल?”

“पडणार नाही. बसेल.”

“बसेल म्हणजे?”

“वरचा मजला खाली येऊन बसेल. मावशींसकट.”

वरची मावशी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती. “मी खुर्चीसकट येणार की नुसतीच?” तिने विचारलं.

“खुर्चीसकट, मावशी. तुम्हाला उठायचा त्रास नाही.”

“मग माझ्या टेबलावर आज काही ठेवू नका,” मावशी म्हणाली आणि पुन्हा वर जाऊन बसली. खाली शब्दकोशावर चुना पडला.

गुरुवारी दुपारी अर्थातराव एकटेच खोलीत बसले होते. वरून मावशीच्या खुर्चीचा आवाज येत होता. एक शब्द लिहिला असता की काम होतं: खांब. अर्थ चालून गेला असता, मॅडमना घड्याळ दिसलं असतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी मावशी तीस वर्षांच्या पत्रांसकट त्यांच्या मांडीवर आली असती. त्यांनी पेन उचललं, फुंकर मारून चुना उडवला आणि चार ओळींचा अनुवाद लिहिला. खोली क्रमांक सातमधील अनुवादकाचे पद निरुपयोगी ठरल्याने रद्द करण्यात येत आहे. पदधारकाने शुक्रवारी सायंकाळी पाच वाजता पद रिकामे करावे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी टिपण जोडलं नाही. खाली सही केली. म्हणजे आता तोच आदेश झाला.

संध्याकाळी बायकोने विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं.

ती बराच वेळ एका चष्म्याची काच पुसत राहिली. “खांब लिहायचंत ना,” ती म्हणाली.

“मावशी खाली आली असती.”

“आणि अर्थही चुकला असता.”

“अर्थात.”

“खरं सांगा. जास्त कशासाठी केलंत? मावशीसाठी की अर्थासाठी?”

अर्थातरावांनी विचार केला. “मावशीसाठी,” ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “पण अर्धं मिनिट लागलं.”

“तेवढं चालतं,” बायको म्हणाली. तिने उद्या दुकानात जास्तीचे तास मागायचे ठरवले, पण ते बोलून दाखवलं नाही.

शुक्रवारी चार वाजता खोली सातमध्ये निरोप समारंभ झाला. खुर्च्या खांबाच्या दोन्ही बाजूंना मांडल्या होत्या, त्यामुळे निम्म्यांना सत्कारमूर्ती दिसत नव्हते आणि निम्म्यांना मॅडम. बायको दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आली होती. मेहुणाही आला होता; तोही अगदी वेळेवर, आणि त्याने ते दोनदा बोलून दाखवलं. मॅडमनी भाषणात सांगितलं की अर्थातराव हे या कार्यालयाचे आधारस्तंभ होते, आणि तसं म्हणताना त्यांचा हात आपोआप खांबाकडे गेला. भेट म्हणून ऑफिसने नवी छत्री दिली. जुनी अजून खिळ्याला होती.

अर्थातराव आभार मानायला उठले. “अर्थात,” ते म्हणाले, आणि पुढे काय म्हणायचं ते त्यांना सुचेना.

तेवढ्यात दारात एक सुतार उभा राहिला. काखेत करवत, हातात हत्यारांची पेटी. तो मुख्यालयाच्या बांधकाम शाखेतून आला होता.

“पोस्ट काढायला आलोय,” तो म्हणाला. “कुठंय?”

सगळ्यांनी अर्थातरावांकडे बोट केलं.

सुतार त्यांना खालून वरपर्यंत बघत राहिला. “हे?”

“हेच. आमचे अनुवादक,” हेडक्लार्क म्हणाला.

सुताराने खिशातला कागद काढला. “माझ्याकडे तर लाकडी लिहिलंय,” तो म्हणाला. “सहा इंच बाय सहा इंच. खिळा आहे, खिळ्याला छत्री टांगलेली आहे. हे सगळं काढून रिकामं करून ठेवा म्हणून आधीच कळवलं होतं तुम्हाला.” त्याने खिळ्यावरच्या छत्रीकडे पाहिलं. “अजून छत्री आहेच.”

चहावाला दारात आला होता, तो तिथेच थांबला. मॅडमनी कागद पाहिला, तो बांधकाम शाखेचाच होता. त्याखाली सही होती आणि ‘अनुवादक’ हा शब्द त्यात कुठेही नव्हता. मुख्यालयात कोणालाही अर्थातरावांची पोस्ट निरुपयोगी वाटली नव्हती. तिच्याबद्दल कोणाला काही वाटलंच नव्हतं.

“इथे अनुवादक असतो का?” सुताराने पेटी खाली ठेवत विचारलं. “आम्हाला माहीतच नव्हतं.”

“पाच वाजेपर्यंत आहे,” हेडक्लार्क म्हणाला.

कारण आता काही करता येत नव्हतं. गुरुवारी सही झाली होती, आणि सही झालेला अनुवाद हाच आदेश. मुख्यालयाच्या मनात खांब असला तरी कागदावर अर्थातराव होते. मॅडमनी घड्याळ बघायला मान कलती केली आणि त्यांना, नेहमीप्रमाणे, खांबच दिसला.

सुताराने करवत काढली तसा मेहुणा पुढे झाला. “मजला बसेल,” तो म्हणाला. “मी आवाज ऐकलाय.”

“मी बसतेच इथे खाली,” मावशी पहिल्या रांगेतून म्हणाली. “आधीच आलेय. आता बसू दे.”

बायको उठली, तिने खिळ्यावरची छत्री काढून काखेत मारली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. सुताराने खांबावर हात ठेवला. खांब हलला. त्याने दोन्ही हात ठेवले आणि खांब नुसता बाजूला आला, जसा रांगेतला एखादा माणूस दुसऱ्याला वाट देतो. करवतीला काम पडलं नाही. वरचं टोक छताला लागतच नव्हतं. दोन बोटांची फट होती आणि त्या फटीत कधीतरी कोणीतरी घड्या घालून कागद कोंबले होते. इतकी वर्षं हा खांब कशालाच टेकलेला नव्हता. वरून थोडा चुना पडला, तो मॅडमच्या भाषणावर.

सगळ्यांनी मेहुण्याकडे पाहिलं.

“बसेल म्हणालो होतो,” मेहुणा म्हणाला. “कधी ते म्हणालो नव्हतो.”

खाली पडलेली कागदांची घडी अर्थातरावांनी सवयीने उचलली. सवयीनेच उलगडली. बाहेरचे कागद कोरे होते, आतला छापील होता, आणि तो इंग्रजीत होता. तारीख एकतीस वर्षांपूर्वीची, म्हणजे त्यांच्या नेमणुकीच्या पाच वर्षं आधीची. त्यांनी चष्मा वर सरकवून वाचला.

“काय आहे?” मॅडमनी विचारलं.

“आदेश आहे. मुख्यालयाचा.”

“कशाबद्दल?”

“खोली सातमधल्या पोस्टबद्दल.” अर्थातरावांनी पुन्हा वाचलं. “तात्पुरत्या स्वरूपात ठेवत आहोत, असं म्हटलंय. तीन महिन्यांनी फेरविचार करणे.”

“कोणती पोस्ट?”

“ते तसं नाही कळत यावरून.”

आदेश आला तेव्हा कार्यालयात अनुवादक नव्हता. वाचता कोणाला आला नसावा आणि घडी मात्र नेमकी फटीच्या मापाची झाली असावी.

मॅडमनी कागद हातात घेतला. “अनुवाद झालाय याचा?”

“नाही.”

मॅडमनी समोर पाहिलं. खांब गेला होता आणि भिंतीवरचं घड्याळ अख्खं दिसत होतं, आठ वर्षांत पहिल्यांदा. पाचला सहा मिनिटं होती. “खोलीत अनुवादाविना कागद असताना,” मॅडम नियम वाचून दाखवावा तशा आवाजात म्हणाल्या, “अनुवादकाला सोडता येत नाही.”

“पण त्यांचं पद रद्द झालंय,” हेडक्लार्क म्हणाला.

“पद रद्द आहे. त्यांना सोडता येत नाही. दोन्ही नियमाने आहे. पगार माणसाला देतात, पदाला नाही.” त्यांनी पेन काढलं. “मुख्यालयाला कळवा, पोस्ट काढली. हे तर खरंच आहे.”

ते अर्थातरावांनीच इंग्रजीत लिहिलं. मुख्यालयाने त्यावर समाधान व्यक्त केलं आणि विषय बंद केला. नवी छत्री परत घ्यावी का यावर थोडी चर्चा झाली, पण पावती फाटली होती, म्हणून ती राहिली. एकेचाळीस पोती हात धुवायच्या जागेतून परत खोली सातमध्ये आली आणि आता टेकायला खांब नसल्याने जमिनीवर पसरली. मावशी वर गेली. खुर्ची सरकवली की अजून चुना पडतोच.

अर्थातरावांनी सोमवारी नव्या टिपणाला सुरुवात केली. पहिलं पान ‘ठेवणे’वर झालं. एवढं एकच सवयीचं गेलं की रोज सकाळी खोलीत शिरल्यावर ते बाजूला न बघता हात लांब करून छत्री खिळ्याला अडकवतात आणि छत्री धाडकन जमिनीवर पडते. ती उचलून ते टेबलाच्या कोपऱ्याला लावतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हात लांब करतात. मॅडम काचेतून बघतात आणि घड्याळ बरोबर असल्याची खात्री करून घेतात.

संध्याकाळी बायको काड्या घट्ट करत असते.

“आज काय आणलंत?”

“तात्पुरतं.”

“काय, तात्पुरतं? खांब का नोकरी?”

“अर्थात, ते अजून ठरायचंय.”

तिने एक स्क्रू दातात धरला होता, तो काढून जागेवर बसवला. “ठरायला किती दिवस लागतील?”

अर्थातरावांनी बोटांवर मोजलं. “मूळ धरून गेलं,” ते म्हणाले, “तर चार वर्षं.”

“मूळ धरूनच जा,” बायको म्हणाली, आणि त्यांच्यासाठी चहा ठेवायला उठली.